झाकणांची भिंत

आमच्या आळीत मी कोणाशी बोलत नसे, हे आळीला माहीत होतं आणि आळीने ते मान्यही केलं होतं. इंग्रजी शाळेची बस आळीत शिरत नसे, म्हणून मी टाय लावून, मान खाली घालून कोपऱ्यापर्यंत चालत जायचे. तेवढ्या अंतरात कोणी ना कोणी विचारायचंच, "काय गं, शाळेत चालली का?" मी मानेनेच हो म्हणायचे. पुढे पुण्याच्या डिझाइन कॉलेजात गेल्यावर प्रश्न "पुण्याला चालली का?" असा झाला. उत्तर मानच देत राहिली.

त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाच्या वाट्याला माझीच आळी आली, तेव्हा मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. प्रकल्प असा होता: तिघातिघांच्या गटाने एखाद्या वस्तीत महिनाभर राहायचं आणि तिथल्या लोकांना हाताशी धरून, तिथली ओळख सांगणारं काहीतरी चारचौघांच्या जागेत उभं करायचं. "लोकांबरोबर" हा शब्द मॅडमनी फळ्यावर लिहून त्याखाली तीन रेघा मारल्या होत्या. लोकांचा हात दिसला नाही तर प्रकल्प पुन्हा करावा लागणार होता. कोणाचं घर लहान गावात आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी वहीत बघत होते. पण गटातल्या दिल्लीच्या मुलीने माझा पत्ता होस्टेलच्या फॉर्मवर वाचला होता, आणि तिने माझा हात धरून वर केला.

ही मुलगी जुन्नरच्या स्टँडवर उतरली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आळीतल्या सगळ्यांना ओळखू लागली. मला जी नावं वीस वर्षांत कळली नव्हती ती तिला पाठ होती. आळी तिला "दिल्ली" म्हणायची आणि तिच्याशी टीव्हीवरच्या मालिकांच्या हिंदीत बोलायची. आमच्या शेजारच्या चाची, ज्यांच्या घरात बांगड्यांचं दुकान आहे, तेवढ्याच तिच्याशी खरं हिंदी बोलत, आणि त्यांचं ते हिंदी तिला कळत नसे. गटातला तिसरा कोल्हापूरचा मुलगा. तो कमी बोलायचा, ड्रिल मशीन उत्तम चालवायचा आणि माझ्या आईने वाढलेलं सगळं खायचा. आईच्या मते तिघांत कामाचा तोच होता.

जागा मिळाली ती पिठाच्या गिरणीची बाजूची भिंत. लांबच लांब, पश्चिमेकडे तोंड केलेली, कुठल्यातरी बियाण्यांच्या जुन्या जाहिरातीचा हिरवा डाग मिरवणारी. गिरणीवाले मामा मूळचे आहुप्याकडचे. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली, की भिंतीला काय करायचं ते करा, पण पट्टा चालू असताना मशीनपाशी दिल्लीला आणू नका, तिची ओढणी लई लांब हाय.

मग गिरणीतच बैठक झाली. दळणाच्या वेळी बायका आपोआप जमतात, वेगळं बोलवावं लागत नाही. दिल्लीने कागद उलगडून दाखवला. त्यावर शिवनेरी होता, मागे सूर्य होता. सगळ्यांनी चित्र छान आहे म्हटलं आणि आपापले डबे पुढे सरकवले. शेवटी मामांनी चाळणी झटकत सांगितलं, "किल्ला तर हाय की वर. मान वर केली का दिसतो. भितीवं कशाला परत?"

दिल्लीने दुसरा कागद काढला. त्यावर बिबट्या होता. ह्यावर मात्र बोलायला सगळ्यांकडे काही ना काही होतं. ऊसतोडीच्या वेळचा बिबट्या, कोणाच्या दिराच्या मोटरसायकलीला आडवा गेलेला बिबट्या, मक्यातला बिबट्या. अर्ध्या तासाने निष्कर्ष निघाला की बिबट्या नको. खरा आला तर त्याला वाटायचं, इथं आपलंच कोणीतरी राहतंय.

मी कोपऱ्यात उभी राहून डबे बघत होते. माणसांकडे बघता येत नसलं की वस्तू फार नीट दिसतात. दळणाच्या रांगेत नऊ डबे होते आणि त्यांतल्या निम्म्यांवर त्यांचं स्वतःचं झाकण नव्हतं. एकावर ताटली होती, एकावर मापाला मोठं दुसरंच झाकण, एकावर वर्तमानपत्र आणि रबर. सर्वांत पुढच्या डब्यावर फडकं बांधलेलं होतं. तो मोठ्या काकूंचा डबा, आणि त्या फडक्याची गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती.

मोठ्या काकू भिंतीच्या अगदी समोर राहतात. माहेर महाळुंगे पडवळचं, आवाज शेतातून शेतात हाक मारायच्या मापाचा. त्यांच्या मुलीच्या लग्नात आळीतली सगळी भांडी एका मांडवाखाली आली आणि ह्या डब्याचं झाकण हरवलं. ते त्यांच्या धाकट्या जावेने ढापलं अशी त्यांची पक्की खात्री होती. धाकट्या काकू शेजारच्याच दारात राहतात, मधे एकच भिंत. त्या लग्नापासून, म्हणजे मी बालवाडीत असल्यापासून, दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सोळा वर्षं. बोलायचं असलं की आमच्या पायरीवर येऊन माझ्या आईला सांगायच्या, "त्यांना म्हणावं पाण्याची मोटर बंद करा," आणि आई तिथूनच मान वळवून दुसऱ्या दाराकडे तो निरोप जसाच्या तसा द्यायची. दळणाला आल्या की मोठ्या काकू फडकं सोडता सोडता झाकणाची गोष्ट सांगत. आई दर वेळी मन लावून ऐकायची आणि योग्य जागी "काय बाई एकेक" म्हणायची.

मी कोल्हापूरवाल्याच्या कानात हळूच सांगितलं. तो मोठ्याने म्हणाला, "ही म्हणतीया, झाकणं लावूया भिंतीला. घरोघरची."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाळणीकडे पाहिलं. पण विचार आळीला पटला, कारण प्रत्येक घरात एक कप्पा असतो ज्यात डब्यांविना झाकणं पडून असतात, आणि तो कप्पा उघडला की खळ्ळकन सगळं पायावर येतं. आमच्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार विचारतो, नाव काय घालू? मग टर्र करत ते कोरून देतो. त्यामुळे प्रत्येक झाकणावर कोणाचं तरी नाव होतं. दिल्लीला तर हे इतकं आवडलं की तिने दोन्ही हात स्वतःच्या गालांवर ठेवले.

गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दारात उभी राहून घरी पाठ केलेलं वाक्य म्हणायचे, की आम्ही आळीतल्या सर्वांच्या सहभागातून एक कलाकृती करत आहोत. दुसऱ्याच घरात एका आजींनी विचारलं, कपड्यांवर भांडी देणारी बाई तू कधीपासून झालीस. पण झाकणं दिली सगळ्यांनी. चाचींनी तर चार दिली आणि बजावलं, "बेटा, हे लहान आहे ना, ते खाली लाव, माझ्या उंचीला. मला बघायला वर कशाला चढायला लावतेस?" आमच्या घरचं मी स्वतःच काढलं. आई बाजारात गेली होती. ओट्याखाली एक मोठं, कड वर आलेलं, ताटासारखं झाकण होतं, आई त्यात लसूण सोलायची. मला ते देखणं वाटलं. त्याच्यावरचं नाव मी वाचलं नाही. कोरलेली टिंबाटिंबांची मराठी अक्षरं मला वाचायला वेळ लागतो, आणि नावं भेट देणाऱ्यांची असतात असं आम्ही तिघांनी धरूनच चाललो होतो. अहवालात मी एक वाक्यही लिहून ठेवलं होतं: ही झाकणं म्हणजे आळीच्या नात्यांचं जाळं आहे.

प्रत्येक झाकणाची नोंद मी वहीत केली. क्रमांक, माप, कोणाच्या घरून आलं. सवयीने इंग्रजीत.

लावायचं काम तीन दिवस चाललं. दिल्लीला झाकणांना भोकं पाडायची होती. कोल्हापूरवाल्याने साफ नकार दिला. दुसऱ्याच्या भांड्याला भोक पाडल्याचं कळलं तर आपली आई आपल्याला घरात घेणार नाही, असं त्याने सांगितलं. त्याने भिंतीत तीन तीन स्क्रू बसवून त्यांच्यात झाकणाची कड अडकवली. बायका खिडकीतून सूचना करत होत्या. मोठी मध्ये, लहान कडेने, हळूहळू सूर्यफुलासारखं काहीतरी झालं. त्रेसष्ट झाकणं. मामांनी पट्टा बंद करून बाहेर येऊन पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक." मॅडम शनिवारी येणार होत्या. तो गुरुवार होता.

आमची भिंत पश्चिमेला तोंड करून आहे हे आम्ही तिघांनी नकाशावर बाण काढून लिहिलंही होतं. त्याचा अर्थ काय होतो ते गुरुवारी चार वाजता कळलं. ऊन झाकणांवर आलं आणि समोरच्या घरांवर त्रेसष्ट कवडसे पडले. एक चाचींच्या बांगड्यांवर पडला, ते त्यांना आवडलं. एक झोपलेल्या आजोबांच्या तोंडावर. आणि सगळ्यांत मोठा, मधला, खिडकीतून आत शिरून मोठ्या काकूंच्या टीव्हीवर, ऐन मालिकेच्या वेळेला.

काकू बाहेर आल्या. डोळ्यांवर हात धरून त्या भिंतीशी गेल्या आणि कुठलं झाकण आपल्या घरात उजेड टाकतंय ते शोधू लागल्या. त्यांनी ते शोधलं. मग पदराने पुसलं. मग अगदी जवळ जाऊन वाचलं.

"ह्यांचं नाव हाय," त्या म्हणाल्या.

त्यांचे यजमान दहाएक वर्षांपूर्वी गेले. झाकणावर त्यांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. भेट देणाऱ्याचं नव्हे, डब्याच्या मालकाचं.

कोल्हापूरवाल्याने ते मुकाट्याने काढून दिलं. काकूंनी ते उलटंपालटं करून बघितलं, आत जाऊन डबा आणला, फडकं सोडलं आणि झाकण बसवलं. ते बसलं. बसल्याचा आवाज आळीभर ऐकू गेला, निदान मला तसं वाटलं. तोवर बातमी पसरली होती आणि दारादारांतून बायका येऊन भिंत वाचू लागल्या. जी ती आपलं नाव शोधत होती आणि बऱ्याच जणींना ते सापडत होतं. हे आमचं की. अगं हे तर माझ्या वास्तुशांतीचं. मी हे धुणीभांड्यात हरवलं म्हणून सासूची बोलणी खाल्लीत.

आमचं नात्यांचं जाळं म्हणजे परत न गेलेल्या भांड्यांची यादी होती.

"कुणी दिलं हे?" मोठ्या काकूंनी विचारलं. "तुमी ल्हिऊन घेत व्हता ना?"

वही माझ्या छातीशी होती. काकूंनी ती घेऊन उघडली, चार पानं उलटली आणि मिटली. "इंग्रजीत. म्हंजे लपवायचंच व्हतं." दिल्ली माझ्या कानाशी इंग्रजीत म्हणाली की वाचून दाखव, लोकांना माहितीचा हक्क आहे. मी वही परत घेतली आणि पुन्हा छातीशी धरली. मला सतरावा क्रमांक बघायची गरज नव्हती. माझंच अक्षर, माझंच घर. आणि आई आमच्या पायरीवर उभी राहून, सोळा वर्षांच्या सवयीने, काकूंकडे बघून म्हणत होती, "काय बाई एकेक."

पण काकूंना वहीची गरजच नव्हती. त्यांनी डबा खाली ठेवला, झाकण हातात घेतलं आणि शेजारच्या दाराकडे वळल्या. धाकट्या काकू उंबऱ्यात हाताची घडी घालून उभ्या होत्या. सगळी आळी भिंतीकडून त्या दाराकडे वळली. मामांनी पट्टा बंद केला, तेव्हा गिरणी किती आवाज करते ते कळलं.

"सोळा वर्सं," मोठ्या काकू झाकण पुढे धरून म्हणाल्या. "माझ्या लेकीच्या लग्नातलं. आन् आता भितीवं लावाया दिलं, म्हंजे मला रोज दिसावं म्हणून व्हय?"

धाकट्या काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खरं तर आम्हाला लोणच्याच्या बरणीचं एक इवलंसं झाकण दिलं होतं, ते खाली डावीकडे होतं. त्यांनी आईकडे पाहिलं. आई निरोप द्यायला तोंड उघडून उभी होती, पण ह्यावर कुठला निरोप द्यायचा ते तिला सुचेना.

मला आठवतं की मी आधी मनात ते वाक्य इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत केलं, मग त्यातला "सहभाग" हा शब्द काढून टाकला. एवढ्या वेळात मोठ्या काकू दोन पायऱ्या चढल्या होत्या.

"काकू," मी म्हणाले. आवाज फारच बारीक आला. चाचींनी माझ्याकडे वळून सगळ्यांना सांगितलं, "थांबा. पोरगी बोलतेय."

हे थांबवण्यासाठी पुरेसं होतं. पोरगी बोलतेय हीच मोठी बातमी होती.

"ते आमच्या घरातलं आहे," मी म्हणाले. "मीच काढून दिलं. आई त्यात लसूण सोलते."

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की इंग्रजी शाळेत घातलं त्याची सगळी फी तिला आठवली असावी. मग ती पायरी उतरून खाली आली, झाकण हातात घेतलं आणि अंगठ्याने कड चाचपली.

"वहिनी," आई म्हणाली, "हे झाकण म्हणून आलंच नव्हतं. ताट म्हणून आलं होतं. लग्नात ताटं कमी पडली, तेव्हा तुम्हीच ह्याच्यात बुंदी घालून पाठवली."

मोठ्या काकूंनी आठवून पाहिलं. डोळे बारीक केले. बुंदी पाठवल्याचं त्यांना आठवलं. बुंदीत पाक जास्त झाला होता हेही आठवलं.

"मग परत का न्हाई दिलं?"

"रिकामं कसं देणार?" आई म्हणाली. "दिवाळीला फराळ घालून देऊ म्हटलं. त्या दिवाळीला तुमच्याकडं सुतक. मग संक्रांतीला म्हटलं, तर ही गोवरनं पडली. मग राहिलंच."

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालूनच द्यायचं. साधं काही घातलं तर बरं दिसत नाही, म्हणून चांगलं काही होईपर्यंत थांबायचं. हे कारण ऐकल्यावर गर्दीतल्या एकीनेही आईला नाव ठेवलं नाही. उलट मला असं दिसलं की जी ती, स्वतःचं झाकण भिंतीवरून काढून मागायला आलेली, आता आपण आम्हाला कोणाचं दिलं ते आठवत होती. कोणाला दूध उतू जाण्याची आठवण झाली, कोणाला नळाची. दोन मिनिटांत आळी रिकामी झाली.

उरल्या दोन जावा. धाकट्या काकूंनी अजून हाताची घडी सोडली नव्हती. सोळा वर्षांनंतर त्या जे पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "जाऊबाई, आता ते फडकं धुवायला टाका. लई वास मारतंय."

मोठ्या काकूंनी डबा उचलून कमरेवर घेतला. "तू आधी माझी परात दे," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर दोघी अंधार पडेपर्यंत भांडल्या, थेट, आईला मध्ये न घेता. आईला बराच वेळ काय करावं ते कळेना. ती पायरीवर बसून नुसती मान इकडून तिकडे वळवत होती.

आईला ते झाकण कोणाचं होतं हे ती गोष्ट ऐकताना खरंच कधी आठवलं नाही का, हे मी अजून विचारलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी भिंतीवरून आणखी सहा झाकणं गेली होती, कोणी नेली ते दिसलं नाही. दिल्ली रडायच्या बेताला आली. पण दुपारी बघतो तर स्क्रूंमध्ये नवी झाकणं अडकवलेली, आणि खाली कट्ट्यावर एक पातेलं, दोन ताटल्या, एक कॉफीचा मग. ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्याचं ठेवून घेतलं होतं त्यांना आता सोय सापडली होती. माणसाच्या हातात भांडं रिकामं देता येत नाही. भिंतीला देता येतं. ज्याचं असेल त्याने वाचावं आणि न्यावं, दोघांनाही काही बोलावं लागत नाही. असा व्यवहार मलाही सुचला असता तर मी आयुष्यभर तोच केला असता.

शनिवारी मॅडम आल्या तेव्हा भिंतीच्या मधोमध एक मोठी गोल रिकामी जागा होती. मोठ्या काकूंचं झाकण त्यांच्या डब्यावर गेलं होतं आणि तिथे दुसरं लावायला कोणाची हिंमत झाली नव्हती. मॅडमनी मान तिरकी करून विचारलं, ही पोकळी मुद्दाम ठेवली आहे का? दिल्लीने श्वास घेतला. तिच्याकडे अभाव ह्या विषयावर पाच मिनिटांचं उत्तर तयार होतं, ते मी सकाळी ऐकलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "ते समोरच्या काकूंचं होतं, त्या घेऊन गेल्या."

एवढ्यात चाची आल्या आणि मॅडमना बाजूला व्हा म्हणाल्या. त्यांना एक चहाची गाळणी लावायची होती. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. प्रकल्प पुन्हा करावा लागला नाही. माझ्या अहवालातलं जाळ्याचं वाक्य मी खोडलं नाही, फक्त त्याखाली भांड्यांची यादी जोडली, मराठीत.

हे झालं ते मागच्या हिवाळ्यात. परवा सुट्टीला घरी आले तर ओट्यावर ते झाकण होतं, तेच, मधलं. मी आईकडे पाहिलं. मोठ्या काकूंनी मासवडी पाठवली होती, रस्सा वेगळ्या पातेल्यात आणि वड्या ह्या झाकणात, वरून ताटली. तुझी पोरगी आली की तिला दे म्हणाल्या. वड्या आईने काढून ठेवल्या होत्या आणि झाकण घासून पालथं घातलं होतं.

मी म्हटलं, मी आत्ता नेऊन देते. आई म्हणाली, रिकामं? मी म्हटलं, मग भिंतीला लावून येते, समोरच आहे, त्या घेतील. आईने कांदा चिरणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तिथं रिकामं द्यायला आपण काय दिल्लीचे आहोत?" ती म्हणाली. "अधिक महिना येतोय. अनारसे करीन, मग नेऊन दे."

अनारसे आईला नीट जमत नाहीत, तेलात विरघळतात. ती गेल्यावर मी झाकण ओट्याखाली ठेवलं, लसणीच्या टोपलीपासून शक्य तितकं लांब.